विदर्भाच्या उन्हाळ्यात कॅमेरा घेऊन निघताना

मे महिन्यात नागपुरातून फोटो काढायला बाहेरगावी निघतोय म्हटलं की घरातली मंडळी आधी आभाळाकडे बघतात, मग आपल्याकडे. पारा ४५ च्या आसपास, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, सागाला पान नाही. तिथं बघायला आहे तरी काय? मला विचाराल तर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात झाकलेलं सगळं याच दिवसांत बघायला मिळतं. पानगळ झालेल्या जंगलातून मागची टेकडी दिसते. नाल्याचं वळण, खडकाचे थर, आटलेल्या नदीचा तळ उघडा पडतो. जमिनीची ठेवण कशी आहे हे शिकायचं तर विदर्भात याहून चांगले दिवस नाहीत.

पण या सहलीचा बेत ठिकाणांवरून आखायला गेलात तर ऊन तुम्हाला हरवेल. आधी उजेडाची वेळ ठरवायची, त्या वेळेला कुठं पोचता येईल ते मग बघायचं. पुढचं सगळं याच क्रमाने सांगतो.

आधी महिना, मग ठिकाण

उन्हाळा म्हणजे चार महिने सलग एकच रंग, असं नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर पळस आणि काटेसावर फुलतात. रामटेक ते देवलापार या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला असतो. पळसाची फुलं समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसतात. सूर्य झाडाच्या मागे ठेवा, म्हणजे पाकळ्यांतून उजेड गळतो आणि खरा केशरी रंग येतो. मार्चमध्येच कुसुमाला लालभडक पालवी फुटते आणि पिंपळाला तांबूस. लांबून पाहणाऱ्याला ती फुलंच वाटतात.

मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मोह. फुलं पहाटे गळतात आणि उजाडायच्या आत गावातली माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली आलेली असतात. फार सुंदर दृश्य असतं ते, पण त्यांच्यासाठी ते वर्षाच्या कमाईचं काम आहे. आधी जाऊन बोला, कुठून आलात ते सांगा, फोटो काढू का म्हणून विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. हो म्हणाले तरी पडलेल्या फुलांवर पाय देऊ नका.

एप्रिल-मे बहाव्याचे. त्यासाठी शहराबाहेर जायचीही गरज नाही, नागपूरच्या रस्त्यांवर तो भरपूर आहे. जंगलात याच दिवसांत पांढरूख शोधा. पांढऱ्या चकचकीत सालीचं, निष्पर्ण, वेड्यावाकड्या फांद्यांचं हे झाड ताडोबा-पेंच भागात भुताचं झाड म्हणून ओळखलं जातं. संधिप्रकाशात ते स्वतःच उजळल्यासारखं दिसतं. आणि मेचा शेवट ते जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे ढगांचा काळ. माझ्या मते उन्हाळ्यातला सगळ्यात श्रीमंत काळ हाच, त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

उजेडाचं घड्याळ

मेच्या मध्यात नागपुरात सूर्य सकाळी साडेपाचच्या थोडं नंतर उगवतो आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास मावळतो. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत सकाळच्या सोनेरी उजेडाचा एक तास सांगितलेला असतो. आपल्या अक्षांशावर तो हिशेब चालत नाही. इथं सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो आणि मऊ, तिरका उजेड उगवल्यापासून जेमतेम अर्धा तास टिकतो. सातनंतर सावल्या कडक होऊ लागतात, आठ वाजता आकाश पांढरं पडायला लागतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतपाच्या, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडावर, भरदुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते.

म्हणून दिवसाचे दोन तुकडे करा. पहाटे पाच ते साडेआठ हा पहिला. संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत दुसरा. मधला वेळ सावलीत राहायचं. जागेवर सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचायचं, कारण सूर्य येण्याआधीचा निळसर-गुलाबी उजेड लँडस्केपसाठी बरेचदा जास्त चांगला असतो. रामटेक नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटर. म्हणजे घरातून पावणेचारला निघायचं. अलार्म लावताना जड वाटतं, पण त्या वेळी रस्ता रिकामा असतो आणि हवा चक्क गार असते.

सूर्य नेमका कुठून वर येईल ते आदल्या रात्री सूर्याची दिशा दाखवणाऱ्या एखाद्या ॲपवर पाहून ठेवा. मे महिन्यात तो पूर्वेपासून बराच उत्तरेकडे सरकलेला असतो. डिसेंबरात पाहून ठेवलेली जागा उन्हाळ्यात तशी लागू पडत नाही.

पहिल्यांदाच जात असाल तर ही वाट

नवख्यांना मी रामटेक, खिंडसी तलाव आणि पेंचच्या जंगलालगतचं सिल्लारी अशी दोन दिवसांची सहल सुचवतो. पहाटे रामटेकचा गड. दार कधी उघडतं आणि गाडी कुठवर जाते ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. गडावरून खाली गाव, तलाव, आणि लांब खिंडसीचं पाणी दिसतं. धुरकट हवेत टेकड्या एकामागे एक फिकट होत जातात. इथं वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सपेक्षा ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स कामाला येते, कारण फिकट होत जाणारे हे थर जवळ ओढून एकावर एक ठेवायचे असतात. गडावर माकडं फार. खाण्याची पिशवी हातात उघडी ठेवू नका आणि लेन्सचं झाकण कठड्यावर ठेवू नका.

गडावरून उतरून खिंडसीच्या काठाला या, पण आठच्या आत. उन्हाळ्यात पाणी मागे हटलेलं असतं आणि काठाला चिखल वाळून भेगाळलेला असतो. कॅमेरा जमिनीपासून फूटभर उंचीवर आणा, भेगा पुढे, पाणी मध्ये, डोंगर मागे. त्यानंतर नाश्ता, आणि दुपारी मुक्कामाच्या ठिकाणी विश्रांती. संध्याकाळी सिल्लारीच्या वाटेवर सागाच्या पट्ट्यात थांबत थांबत जायचं. वाळलेल्या पानांचा सडा आणि खोडांच्या सावल्यांचे तिरपे पट्टे तिथं मिळतात. रात्रीचं आकाश सिल्लारीलाच बघायचं.

दुसरी वाट चिखलदऱ्याची. अंतर जास्त, अमरावती-परतवाड्यावरून जवळजवळ सव्वादोनशे किलोमीटर, पण उंची अकराशे मीटरच्या वर असल्यामुळे हवा सुसह्य असते. धबधबे कोरडे असतात, ते मनातून काढून टाका. दरीच्या कड्यावरून मेळघाटच्या रांगा आणि गाविलगडाची तटबंदी ही इथली खरी कमाई.

समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत जाऊन लोणार गाठता येतं. बेसाल्ट खडकातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे आणि काठावरून एका फ्रेममध्ये नीट मावत नाही. कॅमेरा उभा धरा, डावीकडून उजवीकडे सात-आठ फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग येऊ द्या, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आणि फोकस मॅन्युअलवर ठेवा, आणि घरी जोडा. जून २०२० मध्ये या तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग दिला, असं तपासणीत दिसलं. आता समृद्धीबद्दल एक महत्त्वाचं: या रस्त्यावर फोटोसाठी गाडी थांबवू नका. कितीही सुंदर ढग असला तरी नाही. १२० च्या वेगाने मागून येणाऱ्याला कडेची उभी गाडी वेळेत दिसत नाही. बाहेर पडायचा फाटा घ्या, गावरस्त्यावर या, मग कॅमेरा काढा.

गाडी, पाणी, अंग

टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि आकडा फसवतो. घासलेले टायर घेऊन उन्हाळ्यात काँक्रीटच्या रस्त्यावर जाऊच नका. कूलंट, स्टेपनी, जॅक बघा. पेट्रोल पंपाची वाट पाहात बसू नका, मोठ्या गावात टाकी भरून घ्या. मेळघाट आणि पेंचच्या आत मोबाईलला रेंज नसते, तेव्हा नकाशे आधीच उतरवून ठेवा.

गाडी वाळक्या गवतावर किंवा पानांच्या थरावर कधीही उभी करू नका. सायलेन्सर इतका तापलेला असतो की त्याने पाला पेट घेतो, आणि हे दिवस वणव्याचेच असतात. उघड्या मातीवर किंवा मुरमावर लावा.

पाणी माणशी किमान पाच लिटर. सोबत ओआरएसची पाकिटं, थर्मासमध्ये पन्हं किंवा ताक. डोक्याला आणि कानांना नागपुरी पद्धतीने दुपट्टा घट्ट बांधा, टोपीने कान आणि मान झाकत नाही. डोकं दुखणं, मळमळ, घाम यायचा थांबणं, बोलताना अडखळणं यातलं काहीही दिसलं तर सहल तिथंच थांबवा. माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. ऊन लागणं जिवावर बेततं.

कॅमेऱ्याला उन्हापासून जपणं

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. आपल्याकडे सावलीतच ती ओलांडली जाते. बंद गाडीत डॅशबोर्डवर तर साठच्याही वर तापमान जातं. कॅमेरा, बॅटरी, मोबाईल यांपैकी काहीही उभ्या गाडीत मागे ठेवू नका. चालत्या गाडीत सामान सीटच्या खाली पायापाशी ठेवा, डिकीत नको. जाड थर्मोकोलची पेटी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली. त्यात बर्फ घालू नका, ओल धरेल. काळा कॅमेरा ट्रायपॉडवर उभा असेल तर त्यावर ओला नव्हे, कोरडा पांढरा पंचा टाका.

एसी गाडीतून बाहेर आल्यावर लेन्सवर वाफ धरते ही भीती बरेच जण बाळगतात. कोकणात ती खरी आहे. विदर्भात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की सहसा तसं होत नाही. वळवाचा पहिला पाऊस पडला की मात्र हवेत दमटपणा येतो आणि तेव्हा काळजी घ्यावी लागते: पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा, काचा खाली करा, बॅगची चेन मात्र लगेच उघडू नका.

खरा शत्रू धूळ. लेन्स गाडीच्या आत, पंखा बंद करून बदला, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून. फुंकणी सोबत ठेवा. शर्टच्या टोकाने काच पुसली तर बारीक रेतीचे ओरखडे कायमचे राहतात.

जागेवर पोचल्यावर

पहिली पाच मिनिटं कॅमेरा बाहेर काढू नका. चाला, खाली बसून बघा, एका डोळ्याने बघा. मोकळ्या जागेत सगळ्यात मोठा प्रश्न असतो तो पुढ्यात काय ठेवायचं हा. एखादा खडक, वाळूवरची लाट, वाळलेलं खोड, बैलगाडीची चाकोरी. ते सापडलं की ट्रायपॉड लावा.

आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १००; लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११ (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक). त्याहून छिद्र बारीक केलं तर एफ/१६ नंतर तपशील उलट मऊ होऊ लागतो. फाइल रॉ (कॅमेऱ्याने काटछाट न केलेली मूळ फाइल) ठेवा, कारण इथं आकाश आणि जमीन यांच्या उजेडात फार अंतर असतं. १८ मिलिमीटरची लेन्स साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर, एफ/८ ला, दोन मीटरवर फोकस केली की एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, बघत चला. उजव्या भिंतीला आलेख चिकटला तर आकाश गेलं. ते परत येत नाही, काळोखातला तपशील मात्र बराच परत आणता येतो. उजेडाचं अंतर फारच असेल तर एकाच जागेवरून एक कमी, एक बरोबर, एक जास्त उजेडाचा असे तीन फोटो घ्या.

पोलरायझर फिल्टर अवश्य घ्या, पण आकाश निळं करायला म्हणून नको. धुळीने पांढरं झालेलं आकाश तो निळं करत नाही. पानांवरची चमक आणि उथळ पाण्यावरचं प्रतिबिंब कापणं हे त्याचं इथलं काम. सूर्याशी काटकोनात तोंड करून फिरवलं की परिणाम सगळ्यात जास्त. फार वाइड लेन्सवर आकाशात मधोमध गडद डाग पडतो, तेव्हा काढून ठेवा.

झळांमुळे फोटो मऊ येतात

लांबच्या टेकडीचा किंवा पक्ष्याचा फोटो घरी येऊन पाहिला की तो अस्पष्ट असतो आणि माणूस लेन्सला दोष देतो. बहुतेकदा दोष हवेचा असतो. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, तिच्यात थंड हवा मिसळते, आणि दोन्हींतून उजेड वेगवेगळा वळतो. डांबर, खडी, वाळू यांवर हे सगळ्यात जास्त. जितकी लांब लेन्स आणि जितकं अंतर जास्त, तितका परिणाम जास्त. महागडी लेन्स किंवा जलद शटर यावर उपाय नाही.

उपाय तीनच. सूर्य उगवल्यापासून तासाभरात काम आटपा. शक्य तितकं जवळ जा, किंवा उंचीवरून काढा म्हणजे नजर जमिनीलगतच्या हवेतून कमी जाते. आणि गाडीच्या खिडकीतून काढत असाल तर एसी बंद करून सगळ्या काचा काही मिनिटं उघड्या ठेवा. आतली गार हवा खिडकीतून बाहेर पडते तेव्हा लेन्सच्या तोंडाशीच झळा तयार होतात. ताडोबा-पेंचच्या रस्त्यांवर नीलपंख किंवा शिक्रा तारेवर बसलेला दिसतो तेव्हा ही एक गोष्ट पाळली तरी फोटो सुधारतात.

दुपारी काढायचंच असेल तर

दहा ते साडेचार मी आराम करा असंच सांगेन. तरीही रस्त्यात काही दिसलं, तर पांढऱ्या आकाशाशी भांडू नका. त्याला कोऱ्या कागदासारखं वापरा: एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), निष्पर्ण झाडाच्या फांद्या त्यावर काळ्या रेषांत उमटू द्या, आणि फोटो कृष्णधवल करा. नाल्यात उतरलात तर अर्जुनाची सावली मिळते. तिथं मऊ परावर्तित उजेड असतो, खोडाची साल, दगडावरचं शेवाळ, फुलपाखरांचे थवे निवांत टिपता येतात.

वळवाचं आभाळ

मेच्या उत्तरार्धात दुपारी तीननंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. धुळीची भिंत पुढे येते, उजेड पिवळा होतो, आणि मग काळ्या ढगाखालून सूर्य एकदा डोकावतो. एक-दोन मिनिटांचा हा खेळ असतो. तेव्हा उघड्या शेताच्या कडेला, पुढ्यात एकच झाड किंवा देऊळ असेल अशी जागा आधीच हेरून ठेवा. एक्स्पोजर ढगाच्या उजळ कडेवर मोजा, जमीन काळी पडली तरी चालेल.

विजेच्या बाबतीत धाडस नको. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं दामिनी ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता सांगतं, ते मोबाईलवर असू द्या. गडगडाट ऐकू आला की ट्रायपॉड मिटा, झाडाखाली थांबू नका, काचा बंद करून गाडीत बसा. विजेचे फोटो गाडीतूनही निघतात: कॅमेरा डॅशबोर्डवर टेकवा, एफ/८, आयएसओ १००, अंधार पडल्यावर दहा-पंधरा सेकंदांचे फोटो सलग घेत राहा.

पेंचची रात्र

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं आकाश काळोखं राखलेलं क्षेत्र) म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. सिल्लारीच्या आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी बदलून खाली तोंड केलेले बसवले. नागपूरच्या इतक्या जवळ असं आकाश आहे, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे.

अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस निवडा. बुद्धपौर्णिमेला वनविभागाचा मचाणावरचा निसर्गानुभव असतो, तो वेगळा आनंद, पण त्या रात्री आकाशगंगा मिळणार नाही. मेच्या मध्यात रात्री अकराच्या पुढे आग्नेयेला आकाशगंगेचा दाट भाग वर येतो आणि अडीचच्या सुमारास दक्षिणेला साधारण चाळीस अंशांवर असतो. १८ मिलिमीटर, छिद्र जितकं मोठं उघडेल तितकं, आयएसओ ३२००, शटर १५ ते १८ सेकंद. त्याहून जास्त वेळ ठेवलात तर तारे रेघांसारखे ओढले जातात. फोकस मॅन्युअलवर, स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून तो बारीक टिंब होईपर्यंत. हे सगळं मुक्कामाच्या आवारातच. जंगलाच्या रस्त्यावर रात्री गाडी लावून उभं राहणं धोक्याचं आणि बेकायदेशीरही.

जंगलात पाळायचं

पाणवठ्याजवळ पायी जाऊन बसू नका. उन्हाळ्यात तो एकच पाणवठा कित्येक प्राण्यांचा आधार असतो आणि तुम्ही तासभर बसलात तर तेवढा वेळ ते तहानलेले राहतात. स्वर्गीय नर्तक, नवरंग यांच्या विणीचा हा काळ. घरट्याचे फोटो काढू नका, घरट्याची जागा कुणाला पाठवू नका. आवाजाची ध्वनिफीत लावून पक्षी बोलावणं तर अजिबात नको. सफारीत मोबाईलला बंदी असते, गाइड सांगेल ते ऐका. वाघासाठी जिप्सी पुढे घ्यायला चालकावर जोर टाकू नका. अभयारण्यात आणि प्रकल्पात ड्रोन चालत नाही.

मोबाईलने काढत असाल तर

नकाशा, चार्जिंग आणि कॅमेरा एकाच मोबाईलवर उन्हात चालवला तर तो तापून बंद पडतो. नकाशासाठी दुसरा मोबाईल वापरा. स्क्रीनवर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होतं, मग ते थोडं खाली ओढा. डिजिटल झूम टाळा. लेन्सची काच दर वेळी पुसा, घामाच्या बोटांचा ठसा बसला की उजेडाकडचे सगळे फोटो धुरकट येतात.

परत आल्यावर

त्याच रात्री कार्ड दोन ठिकाणी उतरवा, तोवर कार्ड फॉरमॅट करू नका. संगणकावर धुरकटपणा कमी करणाऱ्या डीहेझचा दांडा थोडाच हलवा. तो जास्त ओढला तर धुळीतला तो मऊ, पिवळट उजेड निघून जातो, आणि विदर्भाचा उन्हाळा त्या उजेडातच आहे. सेन्सरवर धूळ बसली का ते पाहायला एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा अस्पष्ट फोटो घ्या, ठिपके दिसले तर आधी फुंकणी, तरीही राहिले तर जाणकाराकडून साफ करून घ्या. ट्रायपॉडच्या पायांचे सांधे उघडून रेती झटका, बॅगचे कप्पे उलटे करा, आणि बॅटऱ्या पूर्ण गार झाल्यावरच चार्जिंगला लावा.